नोंद १४ : घोडे अखेर फळीतून पार झाले

मंडळी, झालं एकदाचं! काल रात्री पावणेदोनला मी बनवत असलेल्या अर्सूफच्या लढाईच्या स्ट्रॅटेजी खेळात हॉस्पिटलरांची (धर्मयुद्धात लढणाऱ्या नाइटांच्या एका संघाची) वीस घोड्यांची तुकडी आपल्याच पायदळाच्या फळीतून, एकाही शिपायाला न तुडवता, पलीकडे निघाली. मग तोच प्रसंग मी अकरा वेळा पुन्हा चालवला. वाळूचा चढ वाढवला, फळीतली निम्मी माणसं कमी केली, बाणांचा मारा दुप्पट केला. अकराही वेळा घोडे पार. नोंद ११ पासून या एकाच गाठीपाशी अडलो होतो, त्यामुळे आजची नोंद जवळजवळ सगळी तिच्यावरच आहे.

तिसऱ्या धर्मयुद्धातल्या अर्सूफचा नकाशा निवडला तेव्हाच हे दुखणं पदरात पडलं होतं. आक्रे शहर पडल्यावर इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९१ च्या ऑगस्टमध्ये किनारा धरून दक्षिणेला जाफाकडे निघाला. उजव्या हाताला समुद्र आणि समुद्रात रसद घेऊन बरोबरीने चालणारी गलबतं. डाव्या हाताला, जमिनीच्या बाजूला, पायदळाची भिंत. तिच्या आड नाइटांचे घोडे. पाण्यालगत सामान आणि पायदळाचा उरलेला अर्धा भाग. त्यांनी आळीपाळीने विसावा घ्यायचा आणि आळीपाळीने भिंतीत उभं राहायचं. ७ सप्टेंबरला शत्रूपक्षाच्या सुलतान सलाउद्दीनच्या घोडेस्वार तिरंदाजांनी पिछाडी झोडपून काढली. पिछाडीला हॉस्पिटलर होते. बाणांनी त्यांचे घोडे पडत होते. त्यांचा प्रमुख गार्निए द नाब्लूस रिचर्डकडे हल्ल्याची परवानगी मागत होता आणि रिचर्ड थांबायला सांगत होता. शेवटी हॉस्पिटलरांचा मार्शल आणि बॉल्डविन कॅरन हे दोघे हुकमाची वाट न बघता बाहेर पडले, त्यांच्यामागे सगळी पिछाडी निघाली, आणि रिचर्डलाही उरलेलं घोडदळ सोडावं लागलं.

म्हणजे या लढाईचा सगळा जीव एका क्षणात आहे: भिंत उघडते आणि घोडे बाहेर येतात. बहुतेक स्ट्रॅटेजी खेळांत घोडदळ बगलेला मोकळं उभं असतं, तिथे हा प्रश्न येतच नाही. इथे घोडदळ पहिल्यापासून कोंडलेलं आहे. भिंत नीट उघडली नाही तर माझ्याकडे खेळच नाही.

आधी काय काय करून पाहिलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कुणी याच वाटेने जात असेल तर त्याचे महिने वाचतील.

पायदळाची एक तुकडी म्हणजे ४८ जण: बारा रांगा, प्रत्येक रांगेत एकामागे एक चार. नाइटांची तुकडी वीसची, पाच रुंद आणि चार खोल. पाथफाइंडिंग (वाट शोधणं) प्रत्येक शिपायाला नाही, तुकडीच्या नांगराला, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या एका बिंदूला आहे. शिपाई फक्त आपापल्या स्लॉटमागे (तुकडीतल्या ठरलेल्या जागेमागे) चालतात (हे नोंद ६ मध्ये आलं आहे). एकमेकांना टाळण्यासाठी गोडो या गेम इंजिनमधला आरव्हीओ अव्हॉयडन्स (टक्कर टाळण्याची सोय) चालू ठेवला होता. मोकळ्या मैदानात तो सुरेख चालतो. खांद्याला खांदा लावलेल्या फळीत मात्र टाळायला जागाच नसते. घोडे मागे येऊन थांबायचे, डावीकडे उजवीकडे डुलायचे आणि तिथेच कुजायचे.

मग नाइटांची अव्हॉयडन्स प्रायॉरिटी वाढवली, म्हणजे बाजूला व्हायचं ते इतरांनी. त्याने घोडे बाहेर पडले खरे, पण उभ्या ज्वारीत गुरं शिरावीत तशी फळी आडवी झाली. घोडे गेल्यावर माणसं आपल्या स्लॉटकडे परतताना एकमेकांना आडवी जायची आणि भिंत पुन्हा उभी राहायला नऊ-दहा सेकंद लागायचे. तेवढ्यात समोरचे तिरंदाज तुकडी संपवत. एक आठवडा टक्करच बंद करून पाहिली, घोडे सरळ माणसांच्या अंगातून जाऊ दिले. धाकट्या भावाला बिल्ड (खेळाची चालती प्रत) दिला. त्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "दादा, हे घोडे भुतं आहेत का?" तो पर्याय त्याच संध्याकाळी काढून टाकला.

त्यानंतरचा महिना गेला स्लॉटवाटपात. घोडे गेल्यावर कोणी कुठल्या स्लॉटला जायचं, हे एकूण अंतर कमीत कमी होईल असं हंगेरियन अल्गोरिदमने ठरवायचं. कागदावर देखणं. प्रत्यक्षात पुढचा भालाईत जवळचा म्हणून मागच्या स्लॉटला जायचा आणि मागचा क्रॉसबोवाला पहिल्या ओळीत ढालीशिवाय उभा राहायचा. अंतर कमी झालं, भिंत मोडली. भूमिकेनुसार किंमत लावून तेही सुधारलं, तर प्रोफायलरमध्ये (कोडच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या साधनात) उंच सुळका दिसू लागला, कारण हे गणित माणसांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं आणि मी ते जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या संथ भाषेत लिहिलं होतं.

आता गाठ कशी सुटली ते.

गेल्या रविवारी कोड उघडलाच नाही. लढाईची वर्णनंच परत वाचत बसलो. सलाउद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने हे पायदळ स्वतः पाहिलं होतं. जाड नमदा आणि चिलखत घातलेले शिपाई, पाठीत दहा-दहा बाण रुतलेले, तरी रांग न सोडता चाललेले, असं तो शत्रूबद्दल आदराने लिहितो. वाचता वाचता लक्षात आलं की ही माणसं रांग सोडत नाहीत. मी गेले चार महिने त्यांना रांग सोडायला लावत होतो आणि मग परत कसं आणायचं याचं गणित मांडत होतो.

शाळेत एनसीसीत होतो तेव्हाची कवायत आठवली. रांगा दुमडायच्या. सम क्रमांकाच्या रांगेने बाजूला एक पाऊल टाकून शेजारच्या विषम रांगेतल्या माणसांच्या मधल्या फटीत शिरायचं. बस. बाराच्या सहा रांगा होतात. दोन रांगांमधलं अंतर माझ्याकडे १.१ मीटर आहे. दुमडल्यावर ते २.२ होतं. माणसाची रुंदी ०.६ मीटर वजा केली की १.६ मीटरची मोकळी वाट उरते, आणि माझा घोडा १.२ मीटर रुंद आहे. सहा रांगांमध्ये वाटा किती? पाच. आणि नाइट किती रुंद? पाच! हा आकडा मी वर्षापूर्वी निव्वळ दिसायला बरा म्हणून ठेवला होता. तो जुळलेला पाहून मी खुर्चीवरून उठून घरात एक फेरी मारून आलो.

आता प्रत्येक स्लॉटला दोन जागा आहेत, मिटलेली आणि उघडी. तुकडीकडे फक्त एक आकडा आहे, शून्य ते एक. शून्य म्हणजे भिंत, एक म्हणजे वाटा. कोण कुठे जाईल हा प्रश्नच उरला नाही, कारण कुणी कुठे जातच नाही. निम्मी माणसं एक पाऊल सरकतात आणि निम्मी जागची हलतही नाहीत. उघडायला सव्वा सेकंद, मिटायला दीड. कोडमध्ये या वाटांचं नाव 'गल्ली' ठेवलं आहे. गल्लीत असताना घोडा आरव्हीओच्या ताब्यात नसतो. तो गल्लीच्या मध्यरेषेवर सरळ धावतो आणि बाहेर पडला की पुन्हा मोकळा. हंगेरियनचा चारशे ओळींचा कोड काल उडवला. त्याजागी साठ ओळी आल्या आहेत.

एक अडचण उरली आहे. किनारा वळतो तिथे स्तंभही वळतो आणि गल्ल्या वाकड्या होतात. तूर्त तुकडी १५ अंशांहून जास्त वळत असेल तर ती उघडतच नाही, आधी वळण पुरं करते. खेळताना हे खटकत नाही, उलट वळणावर हल्ला करायचा नाही हे खेळाडू आपसूक शिकतो. त्यामुळे हे असंच ठेवणार आहे.

दोन मित्रांनी विचारलं की एवढं करतोस तर पानिपत का नाही. प्रश्न रास्त आहे. भाऊसाहेबांचा गोलही याच जातीचा होता: बाहेर तोफा आणि गारदी, आत बुणगे, आणि सगळ्यांनी मिळून यमुनेकडे सरकायचं. विंचूरकर आणि गायकवाड यांचं घोडदळ गारद्यांच्या फळीपुढे निघालं आणि गोल फुटला, असं आपण वाचत आलो. अर्सूफलाही घोडे हुकमाआधीच सुटले, पण तिथे मागचे वेळेवर पाठीशी आले. ती लढाई मला करायचीच आहे. पण १४ जानेवारी १७६१ ला हात घालण्याआधी फळी आणि घोडा यांचं नातं कोडमध्ये पक्कं झालेलं असावं, एवढी माझी अट आहे. काल ते पहिल्यांदा पक्कं वाटलं.

बाकीच्या कामांचं थोडक्यात. पिछाडीचे क्रॉसबोवाले आता शत्रूकडे तोंड करून उलटे चालतात, अगदी इतिवृत्तात आहे तसे. उलटं चालणं ब्लेंडरमध्ये हाताने केलं, दोन संध्याकाळी गेल्या आणि सार्थकी लागल्या. घोड्याच्या हालचालींचा विकत घेतलेला संच मात्र पूर्ण निकामी ठरला. दौडीत खूर जमिनीवर घसरतात आणि मूळ रिग (हालचालींमागचा सांगाडा) फाइल दिलेलीच नाही, त्यामुळे दुरुस्तही करता येत नाही. माझा सल्ला एवढाच: रिग मिळत नसेल तर हालचाली विकत घेऊ नका, नमुना कितीही देखणा असो. टापांचा आवाज घरीच केला. घमेल्यात ओली वाळू आणि दोन करवंट्या. कोरड्या वाळूत आवाज बसका येतो, भिजवल्यावर घोडा एकदम जड वाटतो. वीस घोड्यांसाठी सात वेगवेगळ्या फेऱ्या रेकॉर्ड केल्या आणि त्या थोड्या मागेपुढे लावल्या. काल गल्लीतून घोडे निघाले तेव्हा हेडफोनमध्ये तो आवाज आला आणि अंगावर काटा आला.

आता राहिलेला मोठा दोष. हल्ल्याचं बटण दाबलं की अकराही पायदळ तुकड्या एकाच फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एकाच चित्रात) उघडायला लागतात. त्या एका फ्रेमला माझ्या मशीनवर ४४ मिलिसेकंद लागतात आणि झटका स्पष्ट जाणवतो. ठरवलं होतं की हे काम दुसऱ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) टाकायचं, आणि या नोंदीत त्याचाच आराखडा द्यायचा होता.

पण वरचा लढाईचा परिच्छेद लिहिताना तुतारीवाले आठवले. हल्ल्याचा इशारा म्हणून सहा तुताऱ्या ठेवल्या होत्या: दोन आघाडीला, दोन मध्यावर, दोन पिछाडीला. मी त्या निव्वळ आवाजासाठी घेतल्या होत्या. त्यांनाच काम दिलं तर? खेळाडू हुकूम देतो तो रिचर्ड जिथे असेल तिथल्या जोडीला. ती जोडी वाजवते, पुढची जोडी ऐकते आणि उत्तर देते, मग तिसरी. प्रत्येक टप्प्याला एक-सव्वा सेकंद. म्हणजे भिंत एकदम उघडणारच नाही, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाटेसारखी उघडत जाईल. एका फ्रेममध्ये एकच तुकडी. झटका गेला, थ्रेडची गरजच नाही.

आणि याहून मोठी गोष्ट: तुतारीवाले मारले जाऊ शकतात. मधली जोडी पडली तर पिछाडीला इशारा पोहोचणारच नाही आणि रिचर्डला स्वतः घोडा घेऊन तिकडे जावं लागेल. दुसरीकडे, पिछाडीने इशाऱ्याची वाट किती वेळ बघायची? नोंद ९ मध्ये मनोबलाचा आकडा होता, तो मी हॉस्पिटलरांपुरता बदलून 'संयम' करणार आहे. दर पडलेल्या घोड्यामागे तो उतरेल, रिचर्ड जवळून गेला की थोडा चढेल, आणि शून्यावर आला की ते स्वतःच गल्ली उघडून निघतील. मग खेळाडूपुढे दोनच वाटा: त्यांना एकटं मरू द्यायचं, नाहीतर उरलेल्या दोन्ही जोड्या वाजवायच्या. गार्निए आणि रिचर्ड यांच्यात त्या दुपारी जे चाललं होतं ते एकाही संवादाशिवाय खेळात उतरेल. थ्रेडचं काम यादीतून काढतोय आणि हे वर घेतोय. हल्ल्याचं बटणही जाणार, त्याजागी फक्त 'तुतारी'.

भावाचं म्हणणं आहे की आवाज आपल्या तुतारीचा घ्यावा. लावून पाहिला. फार सुंदर वाटतो, पण ऐकताच डोळ्यांसमोर आपली मिरवणूक येते, किनाऱ्यावरचं ते सैन्य येत नाही. सरळ नळीच्या पितळी कर्ण्याचा आवाज शोधतोय. कुणाकडे वाजवून रेकॉर्ड करण्याजोगं वाद्य असेल तर कळवा, मी स्वतः माइक घेऊन येतो.

हल्ल्यानंतर पुन्हा जमण्याचं काम अजून बाकी आहे. अर्सूफला नाइट पाठलागात विखुरले नाहीत. थांबले, जमले आणि पुन्हा चालून गेले. माझे नाइट सध्या क्षितिजापर्यंत धावत जातात. परतताना त्यांना गल्लीतून आत घ्यायचं की फळीच्या टोकाला वळसा घालून, हे ठरत नाहीये. आतून घेतलं तर समोरून येणाऱ्या घोड्यांसाठी भिंत उघडी ठेवावी लागते आणि त्यांच्या मागोमाग शत्रूही आत शिरतो. मला वाटतं, तो धोका तसाच ठेवावा.

पुढचा बिल्ड तुताऱ्यांसह देईन. जुन्या लॅपटॉपवर, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवणाऱ्यांनी इशारा दिल्यापासून शेवटची तुकडी उघडेपर्यंतचे फ्रेमचे आकडे नोंदवून ठेवा. मला तेच हवे आहेत.