आधी कटर, मग ट्रॅक्टर : बागेतलं गवत आणि अडलेलं कोटेशन

ट्रॅक्टर दारात आला, बागेतलं गवत वेळेवर कापलं जाऊ लागलं, तरी स्लॅशरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायच्या गवत कापणाऱ्या अवजाराच्या, कोटेशनवरून जे झालं त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही. म्हणून लिहिते आहे. गवतासाठी छोटा ट्रॅक्टर घेण्याचा ज्यांचा विचार आहे त्यांच्या तरी कामाला येईल.

आमची बाग रत्नागिरी जिल्ह्यात. जुनी हापूसची कलमं दहा-दहा मीटरवर, मध्ये थोडे काजू. वरचा भाग सपाट, मधला उताराचा, खाली जांभ्याचे गडगे घालून केलेल्या पायऱ्या. घराशेजारी पर्यटकांसाठी खोल्या आहेत आणि त्यांच्यापुढे हरळीची हिरवळ. त्यामुळे गवतही सगळीकडे सारखं नाही. कलमांच्या मधे पावसाळ्याअखेर कमरेएवढं गवत आणि टाकळा, गडग्याच्या कडेला रानमोडीची जून खोडं, वाटेच्या दोन्ही अंगांना आखूड गवत, आणि ती हिरवळ, जी कायम नीट कापलेली दिसायला हवी.

ऑक्टोबरात पाऊस थांबला की हे सगळं वाळायला लागतं. पुढे उन्हाळ्याकडे वणवे सुरू होतात. बागेत वाळलेलं गवत उभं असेल तर बाहेरून आलेली आग ५० वर्षांची कलमं घेऊन जाते. पूर्वी पाठीवरचे ग्रासकटर घेऊन माणसं लावायचो, पण नेमकी त्याच दिवसांत भातकापणी येते आणि माणूस मिळत नाही. आंबेवाल्याला गवताची घाई का असते, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ज्याच्याकडे मी स्लॅशर घ्यायला गेले त्या विक्रेत्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

मी पहिल्यापासून एक धरून ठेवलं होतं : आधी कटर ठरवायचा, मग त्याला पेलेल असा ट्रॅक्टर. शोरूममध्ये सगळं उलटं चालतं. तिथे एचपी सांगतात, हप्ता सांगतात, रोटाव्हेटर लावून दाखवतात. गवताचं विचारलं की "ते मागाहून बघू" म्हणतात. मागाहून बघायचं नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसणारा मोवर डेक दिसतो. त्याला ट्रॅक्टरच्या मधल्या भागातून निघणारा वेगळा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, लागतो. मी पाहिलेल्या मिनी ट्रॅक्टरना पीटीओ फक्त मागे होता, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. म्हणजे आपल्याला थ्री पॉइंट लिंकेजवर (अवजार उचलणाऱ्या मागच्या तीन जोडांवर) मागे बसणारंच काहीतरी बघायचं. त्यात फिनिशिंग मोवर हिरवळीसाठी उत्तम, चार चाकांवर जमिनीच्या चढउताराप्रमाणे चालतो आणि एकसारखं कापतो, पण कमरेएवढ्या गवतात गुदमरतो. फ्लेल मल्चर गवताचा बारीक चुरा करतो, तो आच्छादनाला चांगला, पण त्याला ताकद जास्त लागते आणि पात्यांचा खर्चही जास्त. रोटरी स्लॅशर दणकट. त्याची पाती बिजागरीवर सैल असतात, दगड लागला तर मागे वळतात. काप ओबडधोबड येतो, पण बागेला तेवढा पुरतो. सगळ्या प्रकारच्या गवताला एकच यंत्र शोधत बसू नका. जे गवत तुम्हाला सर्वांत महाग पडतं त्याचं यंत्र घ्या. माझ्यासाठी ते कलमांच्या मधलं गवत होतं, म्हणून स्लॅशर. हिरवळीला ढकलायचा छोटा पेट्रोल मोवर ठेवला, त्यावर एका दिवसापेक्षा जास्त विचार केला नाही.

रुंदीचा हिशोब सोपा आहे. स्लॅशरला दर फुटाला ढोबळमानाने ५ एचपी धरतात, तेही इंजिनाचे नव्हेत, पीटीओवर मिळणारे. पीटीओवर इंजिनाच्या साधारण ८० ते ८५ टक्के पोचतात. २४ एचपीच्या ट्रॅक्टरला म्हणून ४ फुटी स्लॅशर शोभतो. शिवाय कटर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडा तरी रुंद हवा, नाहीतर चाकाखाली दबलेला गवताचा पट्टा तसाच राहतो. चाकांचं अंतर कमी करता येतं का, हे विचारून घ्या. मी फोर व्हील ड्राइव्ह घेतला तो उतारासाठी.

ट्रॅक्टरचं अनुदान महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून, मिळालं. माझ्या वेळी सोडत निघायची. आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे आणि शेतकरी ओळख क्रमांक लागतो. महिला, अल्प व अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी किमतीच्या ५० टक्के, कमाल १ लाख २५ हजार रुपये होते. इतरांना ४० टक्के, कमाल १ लाख. हा टप्पा सुरळीत गेला. पण ट्रॅक्टरवर चालणाऱ्या अवजाराच्या अर्जाला ट्रॅक्टरचं आरसी बुक लागतं, म्हणून स्लॅशरचा अर्ज नंतरच करता येतो. आणि तिथेच मी अडकले.

स्लॅशरच्या दुकानात पहिल्याच भेटीत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, साहेबांना घेऊन या, मग सविस्तर बोलू." मी म्हटलं, "सातबारा माझ्या नावावर आहे, अर्ज माझा आहे, ट्रॅक्टर मी चालवते. माझ्याशीच बोला." मग त्याने कोटेशन दिलं. त्यावर लिहिलेलं होतं 'रोटरी स्लॅशर, १ नग', खाली किंमत आणि जीएसटी. कंपनी नाही, मॉडेल नाही, रुंदी नाही. सोबत टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स जोडलेली, ती पाहते तर ५ फुटी मॉडेलची. बोलणं झालं होतं ४ फुटीचं.

मी तिथेच दाखवून दिलं. मालक आतून बाहेर आले. "ताई, एकच असतं सगळं. सगळ्यांचे असेच पास होतात." आणि त्यांच्याच संगणकावरून त्यांनी ती कागदपत्रं अपलोड करून टाकली.

अर्ज त्रुटी लागून परत आला. कृषी सहाय्यकांनी मला नीट समजावून सांगितलं : अनुदान मिळतं ते तपासणी झालेल्या मॉडेलला. कोटेशनवरचं मॉडेल, टेस्ट रिपोर्टवरचं मॉडेल आणि पुढे बिलावरचं मॉडेल अक्षरशः एक असलं पाहिजे, कारण मोका तपासणीला, म्हणजे जागेवर येऊन यंत्र बघायला, येणारा माणूस यंत्रावरची पाटी वाचतो. त्यांचं बरोबरच होतं. कार्यालयावर माझा काडीचा राग नाही.

राग आहे तो पुढच्या आठवड्यांवर. "रिपोर्ट कंपनीकडून मागवलाय." "शेठ बाहेरगावी गेलेत." "सोमवारी नक्की." सोमवार आला की गुरुवार. इकडे पाऊस थांबलेला, टाकळा शेंगांवर आलेला, खालच्या पायऱ्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलेलं. मी फोन केला की मागून कुणीतरी म्हणे, "त्या गवतवाल्या ताई आहेत, सांग चहाला गेलेत." मला ते स्पष्ट ऐकू येई. ज्यांच्याकडे आपण पैसे घेऊन जातो त्यांनी आपल्याला असं ताटकळत ठेवावं, हे मला आजही सहन होत नाही.

शेवटी मालकांनी तोडगा काढला : "मग ५ फुटीच घेऊन टाका ना. रिपोर्ट तयार आहे. उद्या पास होईल." इथे बरेचजण हो म्हणतात, मला ठाऊक आहे. मी नाही म्हटलं. ५ फुटीला २५ एचपी पीटीओवर हवेत, माझ्या ट्रॅक्टरचं इंजिनच २४ चं. दवाने भिजलेल्या उंच गवतात तो दम टाकणार. वजनही वाढतं, आणि चढावर मागे जड अवजार उचललं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला लागत नाही. गडग्याच्या कडेला हे परवडणारं नाही. रिपोर्ट तयार आहे एवढ्यासाठी चुकीचं अवजार घ्यायचं नसतं.

मार्ग निघाला तो यंत्रावरच्या पाटीमुळे. दुकानात उभ्या असलेल्या स्लॅशरच्या पाटीचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता. त्यावर उत्पादकाचा नंबर होता. तिथे फोन केल्यावर एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ४ फुटी मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट मेलवर पाठवून दिला. तो त्यांच्याकडे पहिल्यापासून होता! त्याच कंपनीच्या कोल्हापूरकडच्या विक्रेत्याने रिपोर्टबरहुकूम कोटेशन करून दिलं आणि पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची अनुदानाची मंजुरी, आली. पूर्वसंमतीच्या आधी बिल करू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

या भांडणात मला टेस्ट रिपोर्ट वाचायची सवय लागली, आणि ती सगळ्यात उपयोगाची ठरली. बुदनी, हिसार इथल्या केंद्रीय संस्था ट्रॅक्टर आणि अवजारं तपासतात. ट्रॅक्टरच्या रिपोर्टात पीटीओवर प्रत्यक्ष मोजलेली ताकद असते, वळण्याची त्रिज्या असते, डिझेलचा खप असतो. अवजाराच्या रिपोर्टात वजन आणि कापण्याची रुंदी असते. माहितीपत्रक बाजूला ठेवा, रिपोर्ट मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

ट्रॅक्टर घेतानाची एक गोष्ट वर सांगायची राहिली. पीटीओला स्वतंत्र क्लच आहे का, हे विचारा. साध्या सिंगल क्लचमध्ये क्लच दाबला की पीटीओची ताकद तुटते, पण स्लॅशरची पाती त्यांच्या वेगाने फिरत राहतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. सपाटीवर ते चालून जातं, उतारावर नाही. तसा ट्रॅक्टर असेल तर पीटीओ शाफ्टला ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या, तो पात्यांचा जोर ट्रॅक्टरकडे उलटा येऊ देत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हरही काढू नका. आणि डेमो स्वतःच्या बागेत, स्वतःच्या सर्वांत वाईट उतारावर, कटर लावूनच मागा. मी तो ट्रॅक्टर घेताना मिळवला, भाड्याचा स्लॅशर लावून, आणि हट्ट सोडला नाही याचा मला अभिमान आहे.

उतारावर आडवं चालवत नाही, वर-खाली चालवते. पहिल्या कापणीआधी पट्ट्यातून पायी फिरून जांभ्याच्या धोंड्यांना चुन्याची खूण करते. स्लॅशर दगड लांब फेकतो, त्यामुळे पुढे-मागे साखळ्यांचं संरक्षण असलेलाच घ्या, आणि पाहुण्यांची मुलं खोल्यांबाहेर असली की मी यंत्र सुरूच करत नाही. चालकामागची संरक्षक कमान दुमडणारी मिळाली तर कलमांखालून जाताना बरं पडतं; कमान उभी असताना सीटबेल्ट लावायचा, दुमडलेली असताना लावायचा नाही.

आणि शिअर बोल्ट. पातं अडकलं तर हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्याच्या जागी जाड, कडक बोल्ट टाकायचा सल्ला गॅरेजवाले हमखास देतात, तो ऐकू नका. रिपोर्टात किंवा पुस्तिकेत दिलेल्या मापाचे चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये कायम ठेवा. ते तालुक्याला मिळत नाहीत. मी कोल्हापूरहून मागवते.