डॅफोडिल अपडेट: मेलबॉक्सवाल्या झुपक्याचं गौडबंगाल सुटलं

मंडळी, आधी चांगली बातमी. मेपलखालचे जे ब्लाइंड (म्हणजे नुसती पानं, फूल नाही असे) डॅफोडिल मागच्या ऑक्टोबरात दक्षिणेच्या वाफ्यात हलवले, ते यंदा एप्रिलमध्ये मस्त फुलले. त्यांच्या कंदांना फुटलेल्या पिल्लांना नुसती पानं आली, पण त्यांना दोन-तीन वर्षं लागतातच. म्हणजे तिथे लफडं सावली आणि दाटीचंच होतं. आणि फुलं गेली की पानांच्या वेण्या घालणाऱ्यांनो, प्लीज थांबा, निदान सहा आठवडे पानांना ऊन खाऊ द्या, पुढच्या वर्षीची कळी त्याच्याच जिवावर कंदात धरते.

आता मेलबॉक्सजवळचा डॅफोडिलचा झुपका. तिथे ऊन भरपूर, पोटॅश घातलं, दाटी नाही, तरी पानं गवतासारखी बारीक आणि फूल एकही नाही. म्हणून जूनमध्ये पानं पिवळी पडल्यावर बागेच्या फोर्कने लांबून उचकटून काढले (खुरपं वापरू नका, कंद हमखास कापतो), माती झटकून जाळीच्या पिशवीत गॅरेजला टांगले. तेव्हा सगळे टणक होते. इथे न्यू जर्सीत आता माती 55 फॅरेनहाइटच्या खाली उतरायला लागली, म्हणून लावायला काढले तर निम्मे मानेशी मऊ! एक उभा चिरला, आत तपकिरी लगदा आणि मधोमध एकच जाडी मळकट अळी.

बल्ब फ्लाय, म्हणजे जिची अळी कंद आतून खाते ती माशी, मेरोडॉन इक्वेस्ट्रिस. दिसते भुंग्यासारखी केसाळ, म्हणून मे-जूनमध्ये ती पानांच्या बुडाशी घोटाळत होती तेव्हा मी कौतुकाने बघत बसलेले. अंडी तिथेच घालते, अळी मातीतून खाली जाऊन कंदाच्या बुडातून आत शिरते, आणि जूनमध्ये ती इतकी बारीक असते की दाबून काही कळत नाही. वर तिला ऊबदार, उन्हाची जागाच आवडते. म्हणजे मेपलखालचे वाचले ते सावलीमुळे, आणि मी त्यांना उचलून उन्हात नेलंय!

पहिली आयडिया आली नवऱ्याच्या सू-व्हीद मशीनची (पाणी एकाच तापमानाला धरून त्यात शिजवतात ते). मोठे बागायतदार कंद 44 सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात ठेवतात, आणि घरात इतकं नेमकं तापमान दुसरं काय धरणार? पण ते काम उन्हाळ्यातलं, कंद झोपलेले असताना. आता बुडाशी मुळांचे टोक फुगलेत, उकाडा दिला तर मुळं आणि आतली कळी दोन्ही जातील. सो ते पुढच्या जुलैला, नवरा तयार झाला तर.

सध्या मऊ ते सगळे कचऱ्यात (कंपोस्टात अजिबात नाही), टणक ते कंदाच्या तिप्पट खोल, साधारण 6 इंचावर. बोनमील (हाडांचं खत) नाही, स्कंक वाफा उकरतात. बिग बॉक्स दुकानातले किंग अल्फ्रेड जातीचे डॅफोडिलही नाहीत, त्या नावाखाली कुठलाही पिवळा, लांब नळीच्या फुलाचा (ट्रम्पेट) डॅफोडिल विकतात. मेमध्ये फुलं गेली की बारीक जाळी टाकणार, आणि पानं वाळल्यावर मानेशी राहणारी भोकं मातीने बुजवणार. जाळी कोणी वापरलीये का? कितपत बारीक लागते?

अरे हो, ही माशी अमॅरिलिसलाही धरते. माझ्या कुंड्या सगळा उन्हाळा डेकवर होत्या. थांबा, दाबून बघून येते.