उंची वाढवणं ‘कॉस्मेटिक’ कसं?

माझं मूत्रपिंड माझ्या मुलाला बसवलं त्याला काही वर्षं झाली. ऑपरेशन, टॅक्रोलिमस (शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनचं औषध), महिन्याच्या महिन्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी), सगळं निभावलं. अडलं ते उंचीपाशी. 14 पूर्ण झाली तरी आवाज फुटेना, मिसरूड नाही, शाळेच्या रांगेत कायम पहिला. गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात ओळखीचे लोक विचारायचे, "पाचवीत गेलास का रे?" आणि तो माझ्या मागे सरकायचा.

हार्मोनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मूत्रपिंड निकामी असतानाच वाढ खुंटते, आणि बसवल्यानंतर ते टिकावं म्हणून दिलेलं स्टेरॉइड हाडांच्या वाढीला आणखी आवर घालतं. अगदी लहानपणी प्रत्यारोपण झालेली मुलं बऱ्यापैकी भरून काढतात, मोठी मुलं तेवढी नाही. मुलग्यात 14 वर्षांपर्यंत अंडकोष 4 मिलिलिटरपर्यंत वाढले नाहीत, तर वयात यायला उशीर झाला असं धरतात. डाव्या हाताचा मनगटासकट एक्स-रे काढला, हाडांचं वय जन्मवयापेक्षा बरंच मागे निघालं. म्हणजे वाढायला वाव होता. पण वयात येऊन हाडांची टोकं एकदा जुळली की वाढीसाठी देतात त्या ग्रोथ हार्मोनचाही उपयोग नाही. किडनीच्या डॉक्टरांनी होकार दिला आणि ग्रोथ हार्मोनचं रोज रात्रीचं इंजेक्शन ठरलं.

आता खर्च. मदतीसाठी अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, उंची वाढवायचं कॉस्मेटिकमध्ये येतं." मला तिथंच रडू फुटलं असतं. प्रत्यारोपण मंजूर होतं, त्याच प्रत्यारोपणानंतर खुंटलेली वाढ मात्र हौस? अर्जात शस्त्रक्रियेची तारीख आणि दाखल राहिल्याचे दिवस विचारलेले. घरी रोज घ्यायच्या इंजेक्शनला रकानाच नाही. मग सही आहे तर शिक्का नाही, शिक्का आहे तर साहेब रजेवर. शेवटी कळलं की एक्स-रे जुना झाला, नवीन आणा. तो जुना झाला त्यांच्याच टेबलावर! फायलीला थांबता येतं, मुलाच्या हाडांना नाही, हे मी तिथं मोठ्यानं बोलले आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

काम झालं ते डॉक्टरांच्या नव्या पत्रामुळे. ‘उंची कमी’ एवढंच न लिहिता ‘मूत्रपिंडाच्या आजारामुळे खुंटलेली वाढ’ असं स्पष्ट लिहून घ्या, सोबत वाढीचा तक्ता जोडा. उंची दर तीन महिन्यांनी, चपला काढून, शक्यतो एकाच ठिकाणी मोजलेली हवी. सगळ्या कागदांच्या प्रती, पोचपावतीसकट, घरी ठेवा.

इंजेक्शनचं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, बर्फाला चिकटू द्यायचं नाही. कदंब बसमधून नेताना मी बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये टॉवेल घालते. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यावरच, हे नवख्यांनी लक्षात ठेवा. उंचीपायी स्टेरॉइड मात्र मनानं कमी करू नका. नवं मूत्रपिंड गमावण्याची वेळ येऊ शकते. कमी करता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

आता त्याची उंची तक्त्यात वर चढते आहे आणि आवाज घोगरा झालाय. आणखी एक, तपासणीच्या वेळी पाच मिनिटं आपण बाहेर थांबावं. या वयातले काही प्रश्न मुलगा आईसमोर विचारत नाही.