आईचा खुबा आणि माझा रिपोर्ट

आई न्हाणीत पडली म्हणजे खरं तर बसायच्या स्टुलावरून खाली आली, इतकंच. तेवढ्याने खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि मी एकदम स्वतःच्या कंबरेकडे लक्ष द्यायला लागले. तेव्हा मी 51 वर्षांची होते, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं.

त्याच महिन्यात सोसायटीत फुकट हाडं तपासायचं शिबिर लागलं. टाचेला जेल लावून पाय एका पेटीत ठेवायचा, मिनिटभरात चिठ्ठी हातात. माझ्या चिठ्ठीवर टी-स्कोअर, म्हणजे तरुण बाईच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 3.1, लाल शाईत गोल केलेला. शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमच्या डब्या विकायला होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घाबरलेल्या माणसाने करू नये ते मी केलं, रात्री मोबाइल घेऊन बसले. त्यातून जीन टेस्ट मागवली. सात हजार रुपये आणि नळीत थुंकी. महिन्याभराने चाळीस पानांचा रिपोर्ट आला. केस गळणं, कॉफी मानवणं असल्या पानांच्या मध्ये हाडांचं पान होतं. ड जीवनसत्त्वाचा संदेश पेशींपर्यंत पोचवणाऱ्या व्हीडीआर जनुकात माझ्याकडे बदल आहे, सबब धोका अधिक. पुढे लाल बाण. मला वाटलं, झालं, आईचंच आलं.

माझी भाची बायोटेक्नॉलॉजी करते. तिने ते पान पाहिलं आणि हसली. "मावशी, हे फार जुनं जनुक आहे गं." मग तिने सांगितलेली गोष्ट मला रिपोर्टपेक्षा आवडली. 1994 साली सिडनीच्या संशोधकांनी जुळ्या भावंडांवरून दावा केला, की हाडांच्या घनतेतला आनुवंशिक फरक बहुतांशी या एकाच जनुकामुळे पडतो. जगभर गाजावाजा झाला. 1997 मध्ये त्यांनीच दुरुस्ती छापली. काही नमुन्यांची जनुकं चुकीची नोंदली गेली होती, परिणाम वाटला त्याहून बराच कमी होता. 2006 मध्ये 26 हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा या जनुकातल्या नेहमी तपासल्या जाणाऱ्या बदलांचा घनतेशी संबंधच दिसेना.

"म्हणजे हाडं आनुवंशिक नाहीत?" मी विचारलं. तर आहेत, आणि चांगलीच आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांत घनतेतला निम्म्याहून जास्त फरक आनुवंशिकच दिसतो. फक्त तो एका जनुकात बसलेला नाही. ब्रिटनमधल्या सव्वाचार लाख लोकांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या 518 जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही फरकाचा फक्त पाचवा हिस्सा उलगडला. गंमत म्हणजे त्या अभ्यासातही टाचच मोजली होती! पण लाखोंची सरासरी काढणं वेगळं आणि एका बाईला लाल गोल काढून घरी पाठवणं वेगळं.

शेवटी डेक्सा स्कॅन केला, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजायची तपासणी. लोक एमआरआयसारखी नळी असेल म्हणून घाबरतात, तसं काही नाही. उघड्या टेबलावर झोपायचं, वरून एक दांडा सरकत जातो. मंगळसूत्र, परकराची पिन, हुकाचा ब्लाउज, धातूचं सगळं काढायला लावतात. मी ऐनवेळी त्यातच दहा मिनिटं घालवली, बाहेर रांग. कंबरेच्या मणक्यांसाठी पाय एका ठोकळ्यावर, खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्टीने बांधतात. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची असते, ते मला फोनवर कुणी सांगितलं नाही म्हणून एक फेरी फुकट गेली.

निकाल: मणके उणे 2.3, खुबा उणे 1.9. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. म्हणजे मी उंबऱ्याच्या अलीकडे. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं. खुब्याच्या आकड्याची तुलना होते ती अमेरिकेतल्या विशीतल्या गोऱ्या बायकांशी. शिवाय यंत्र हाडाची जाडी मोजत नाही, सपाट चित्रावरून हिशेब करतं, त्यामुळे माझ्यासारख्या लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्याहून जरा विरळ दिसतं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की घरी येऊन मी चहा केला तो दोन चमचे साखरेचा.

जीनचा रिपोर्ट मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावून नेला होता. त्यांनी तो न उघडता बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवर फ्रॅक्सचा, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायचा धोका काढणारा, तक्ता काढला. वय, वजन, उंची, सिगारेट, दारू, स्टेरॉइड, संधिवात, आधी कधी हाड मोडलंय का. मग प्रश्न आला, "आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडलाय?" मी हो म्हटलं आणि त्यांनी टिक केली. जनुकासाठी त्यात रकानाच नव्हता. सात हजार खर्चून जे कळलं नाही ते या एका प्रश्नात होतं, आणि त्याचं उत्तर मला आईच्या ऑपरेशनच्या दिवसापासून माहीत होतं. आजीला पोक होतं तेही सांगितलं, पण त्यालाही रकाना नाही. तिच्या पाठीचा एक्स-रे कोण काढणार होतं तेव्हा?

रक्तात ड जीवनसत्त्व 11 निघालं, म्हणजे बरंच कमी. आठ आठवडे दर रविवारी साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेतली. हाडांची गोळी सध्या नको म्हणाल्या. चालणं, थोडं वजन उचलणं, नाचणी, दूध, आणि दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन. तोही त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, कारण एका मशीनचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

परवा ताईचा फोन आला. तिला त्या जीन टेस्टची लिंक हवी होती. मी तिला स्कॅन सेंटरचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, मंगळसूत्र घरीच काढून ठेव.