बोटातले दोन स्क्रू : माझा अनुभव

ठाणे स्टेशनवर उतरताना पिशवीचा बंद बोटांत अडकला, मागून रेटा आला आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पिरगळलं. सूज चढायच्या आत अंगठी काढली, हे फार बरं झालं. हाताला काहीही लागलं तरी आधी अंगठ्या-बांगड्या उतरवा, नाहीतर नंतर कापाव्या लागतात.

एक्स-रेमध्ये बोटाच्या मुळाकडच्या हाडाला लांबट, पिळाचा तडा दिसला. तुकडे फारसे सरकलेले नव्हते. घरी सगळ्यांना वाटलं, पट्टीवर भागेल. पण नौपाड्यातल्या सर्जननी एक्स-रे बाजूला ठेवून मला हळूहळू मूठ मिटायला सांगितली. मिटताना चारही बोटांची टोकं अंगठ्याच्या बुंध्याखाली, मनगटाच्या दिशेने वळायला हवीत. माझं बोट करंगळीवर चढत होतं. हाड तसंच जुळलं असतं तर मूठ कायमची बिघडली असती. बोट मोडलेल्या प्रत्येकाने डॉक्टरांना हे तपासायला सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ऑपरेशन ठरलं. हाडाचे तुकडे तारांनी धरायचे की स्क्रूंनी, हा पुढचा प्रश्न. तारांना मोठा छेद लागत नाही, पण त्यांची टोकं बहुतेक वेळा कातडीबाहेर राहतात आणि त्या काढेपर्यंत बोट मोकळेपणी हलवता येत नाही. तडा लांब असेल तर स्क्रू चांगले बसतात. अलीकडच्या तुकड्यात भोक थोडं मोठं पाडतात, पलीकडच्यात लहान. त्यामुळे स्क्रू फक्त पलीकडे पकड घेतो आणि आवळला की दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. माझे टायटॅनियमचे, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचे दोन स्क्रू.

मेडिक्लेमची मंजुरी आधीच घेतली होती. भूल फक्त हाताला दिली. टाके घालण्याआधी सर्जननी मनगट वर-खाली करून बोटं सरळ रेषेत मिटतात ना, ते पुन्हा पाहिलं. बधिरपणा उतरायच्या आधीच दुखण्याची गोळी घ्या, असं सिस्टरनी बजावलं होतं. ते मी ऐकलं, म्हणून ती रात्र निभावली.

खरी कसोटी मात्र नंतरची. बोट सरळ करणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, या हाडाला अगदी लगटून जातो. बोट नुसतं जपून ठेवलं तर तो हाडाला चिकटतो आणि सांधे आखडतात. म्हणून टाके असतानाच फिजिओ सुरू झाली. बोटाचं मूळ दुसऱ्या हाताने धरून फक्त मधला सांधा वाकवायचा, मग आकड्यासारखी बोटं, मग पूर्ण मूठ. दर वेळी थोडंच, पण दिवसभर अधूनमधून. "काकू, हलवा, स्क्रू धरून बसलेत," असं फिजिओ करून घेणारी मुलगी रोज म्हणायची, आणि त्या शब्दांवर मी डोळे पुसत व्यायाम केला. एरवी हात छातीच्या वर उशीवर, आणि बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलेलं. कणीक मळणं, बादली उचलणं महिना-दीड महिना तरी बंद. हाड जुळल्याचं एक्स-रेमध्ये दिसल्यावरच परवानगी मिळाली.

आता मूठ नीट वळते. मधला सांधा अजून पूर्ण सरळ होत नाही, म्हणून रात्री स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारा आधार, लावते. स्क्रू टोचत नाहीत, तेव्हा ते काढायची गरज नाही, असं सर्जननी सांगितलं आहे.