इंदूरच्या बर्तन बाजारात जुनी दौत शोधायची तर

राजवाड्यासमोर उतरलं की पाय सराफ्याकडे वळतात, पण सराफ्याची रंगत रात्रीची. पितळेसाठी आलेल्याने सकाळी दुकानं उघडली की बर्तन बाजार आणि कसेरा बाजार गाठावा. दोन्हीकडे चालत जाता येतं आणि गल्ल्या अरुंद आहेत, तेव्हा गाडी लांबच ठेवलेली बरी. दर्शनी भागात स्टीलचे डबे आणि नव्या समया दिसतील. आपल्या कामाचं असतं ते आत, मोडीच्या ढिगात. धनत्रयोदशीला लोक जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेतात, म्हणून दिवाळी उलटली की लगेच जावं. पुढे तो ढीग भट्टीची वाट धरतो. विचारताना साधं विचारावं, "भिया, कोई पुरानी दवात पड़ी है क्या?" तोंडातून 'अँटिक' निघालं की किलोचा भाव जाऊन नगाचा भाव सुरू होतो.

खिशात चार वस्तू असाव्यात: लहान पण जोरदार चुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक टॉर्च आणि कानकोरणीचा ओला कापूस. चुंबक लागलं तर आत लोखंड आणि वरून मुलामा. फक्त बिजागरीच्या खिळीला लागलं तर घाबरायचं कारण नाही, जुन्या कामात खीळ लोखंडी असू शकते. मात्र ती गंजली की फुगते आणि बिजागरीची नळी तडकवते, म्हणून तिथे भिंग लावून बघावं. जड वस्तूवर पिवळ्याखाली करडी-पांढरी रेघ दिसली तर ते जस्ताचं ओतकाम. आकाराने कितीही देखणं असलं तरी मी ते घेत नाही.

हात लावायचा तो आतून. बाहेरची नक्षी, डौल, काळवंडलेपण हे सगळं आज बनवता येतं. आतली शाई सहसा कोणी बनवायच्या फंदात पडत नाही. होळकरांचं मराठी दफ्तर मोडी लिपीत लिहिलेलं आहे. ते काम बोरूचं, आणि बोरूची पारंपरिक शाई म्हणजे काजळी व डिंक. ही शाई पितळेला फारशी खात नाही, म्हणून देशी दौतीला आत वेगळी बाटली लागली नाही. तळाशी कापसाचा किंवा रेशमाचा बोळा ठेवत, म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नाही आणि दौत कलंडली तरी सांडत नाही. वापरात असलेल्या दौतीत या बोळ्याचे धागे डिंकात अडकून कडक झालेले सापडतात. ओला कापूस फिरवला तर गडद काळं उतरतं. करकरीत पिवळं पितळ आणि लेथच्या गोल रेघा दिसल्या तर वस्तू खाली ठेवावी. जांभळट डाग असेल तर ती कृत्रिम रंगाची शाई. असा रंग पहिल्यांदा 1856 मध्ये तयार झाला, म्हणजे तो डाग त्यानंतरचा. दौत मात्र त्याआधीचीही असू शकते.

दौत म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्या दौती नसतातच. चुनाळं, म्हणजे पानाच्या चुन्याची डबी, सर्वांत फसवं. आत पांढरं खरखरीत कवच असेल तर लिंबाचा एक थेंब टाकावा. चुन्यावर लगेच फेस येतो. थेंब ताबडतोब पुसून घ्यावा, नाहीतर पितळेवर डाग राहतो. काजळाच्या डबीतही काळंच निघतं, पण तिथे तेल असतं, पाण्याने सुटत नाही. डिंकाची शाई कोमट पाण्यात सुटते. अत्तरदाणीचं तोंड इतकं अरुंद असतं की त्यात बोरू शिरत नाही. हा हिशेब सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा.

लांबट कलमदान आणि त्याला चिकटलेली दौत, कमरेच्या शेल्यात खोचायची, असा जोड मिळाला तर वेळ काढून बघावा. डबी आणि दौत यांच्या सांध्यात पितळेच्याच रंगाची, फिकट पिवळी झाळ (वितळवून जोडायचा धातू) असेल तर बहुधा मूळ काम. रुपेरी मऊ झाळ असेल तर सांधा मागून दुरुस्त झालाय, किंवा दोन वेगळ्या वस्तू एकत्र आणल्यात. आटेदार झाकणही उघडून बघण्यासारखं. काही जुन्या देशी कामात आटे कापलेले नसून तार गुंडाळून झाळलेली असते. असा आटा जोर लावून फिरवला तर तार सुटते.

विलायती टेबलावरच्या वस्तूंचं शास्त्र वेगळं. हिराकस आणि मायफळाची शाई आम्ल असते, पितळेला खाते, म्हणून आत काचेची किंवा चिनी मातीची बाटली. बहुतेक वेळा नेमकी तीच हरवलेली असते. बाटली नाही आणि आतलं पितळ खड्ड्याखड्ड्यांचं झालंय, तर समजावं की बाटली गेल्यावरही शाई भरत होते. नवी बाटली बसवायची तर आतला व्यास आणि उंची मोजून चहूबाजूंनी साधारण एक मिलिमीटर मोकळं सोडावं. घट्ट बसवलेली काच झाकणाच्या दाबाने तडकते. तळावर 'आरडी नंबर' असेल तर ते ब्रिटनमधलं नोंदलेलं डिझाइन. ही क्रमांकाची पद्धत 1884 मध्ये सुरू झाली. त्याआधी, 1842 ते 1883, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं चिन्ह असे. तारीख डिझाइनची असते, त्या नगाची नव्हे. छिद्रांच्या झाकणाची डबी मीठदाणी म्हणून विकतात. झाकण मध्ये बशीसारखं खोलगट असेल तर ती शाई टिपायच्या भुकटीची. उरलेली भुकटी परत आत जावी म्हणून तो खोलगटपणा.

लंडनचं नाव आणि एकोणिसाव्या शतकातलं वर्ष ठळक कोरलेल्या वस्तू दिसल्या की पुढे चालावं. मुरादाबादला आणि रुरकीला असा माल राजरोस बनतो, त्यात गैर काही नाही. गैर आहे तो जुन्याचा भाव. रसायनाने आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरी वस्तू अंगठा टेकतो तिथे उजळ आणि नक्षीच्या खाचेत काळी असते.

दुपारी लालबाग महाल बघून यावा, सोमवार सोडून. युरोपी थाटाच्या त्या दालनांत टेबलावरचं पितळ कुठल्या सामानात शोभायचं ते कळतं. दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग महालात 1930 च्या दशकात थेट आधुनिक फर्निचर आलं. तिथलं फ्रेंच फर्निचरकार रुलमानने बनवलेलं लेखनाचं टेबल जगप्रसिद्ध आहे, पण ते सामान 1980 मध्ये मोनाकोच्या लिलावात गेलं आणि महालात आता करखात्याचं कार्यालय आहे.

दुरुस्ती कसेरा बाजारातच होते, पण कारागिराला आधी बजावावं: फक्त झाळ, कल्हई नको, चाकावर पॉलिश नको. चाकावर धरली की नक्षीच्या कडा गोल होतात आणि परत येत नाहीत. झाकणाला पितळी स्प्रिंग असेल तर ती काढूनच आच द्यायला सांगावं, तापली की तिची उसळी जाते. पातळ पत्र्यावरचा पोचा तसाच राहू द्यावा. थंड ठोकला तर चीर पडते, लाल करून ठोकला तर वरचा रंग गेला.

सफाईला चिंच-लिंबू अजिबात नको. आम्लाने पितळेतलं जस्त आधी निघतं आणि तांब्याचे गुलाबी चट्टे उरतात. अमोनियाचं पॉलिश तर पातळ ठोकीव कामाला धोक्याचं. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकत. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमटपणा आणि ओढून ताणलेला पत्रा. शाईसाठी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून बांबूच्या काडीने सोडवावी, पूर्ण वाळवावी आणि मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. आतली थोडी शाई मी मुद्दाम ठेवतो, तोच पुरावा. फिकट हिरवी भुकटी पुसूनही परत येत असेल तर वस्तू इतरांपासून वेगळी, कोरड्या जागी.

कायदाही माहीत असावा. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. कलमदानावर हस्तिदंत जडवलेलं असेल तर विकत घेऊच नये, त्याच्या व्यापारावर बंदी आहे. बिलावर वस्तूचं वर्णन आणि वजन लिहून घ्यावं.

परतीला प्रत्येक नग सुती कापडात गुंडाळावा, वर्तमानपत्रात नाही. झाकण बंद राहावं म्हणून रबरबँड लावू नये, त्यातल्या गंधकाने पितळेवर काळी रेघ उमटते. सुती दोरा पुरतो. काचेची बाटली काढून वेगळी बांधावी, आणि विमानाने जात असाल तर पाकिटं फोडायची पितळी सुरी चेक-इनच्या बॅगेतच.