तुम्ही विचारलंत म्हणून: उलुपालाकुआला सकाळ द्यावी का?

हवाईतल्या माउई बेटावर निघालेली मराठी मंडळी, त्यातही नाशिककडची, हमखास विचारतात: "उलुपालाकुआच्या वाइनरीला जावं का? द्राक्षमळे तर आमच्याकडेही आहेत." जावंच. अख्खी सकाळ तिच्यासाठीच राखून ठेवा.

नाशिक आणि उलुपालाकुआ दोन्ही साधारण २० उत्तर अक्षांशावर आहेत आणि दोन्हींची उंचीही २००० फुटांच्या आसपास. या अक्षांशावर समुद्रकाठी वाइनची द्राक्षं नीट येणं कठीण. हालेआकाला ज्वालामुखीच्या उतारावर मात्र रात्री गारवा असतो, म्हणून तिथं वेल टिकतो. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळांसाठी) ज्यांच्या घरात होते, त्यांना कडक थंडी न मिळणाऱ्या वेलाकडून पीक काढणं म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून तुम्हीच तो मळा जास्त डोळसपणे बघाल.

१९७४ साली एमिल टेडेस्की आणि इथल्या रँचचे, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणाचे, मालक पार्डी अर्डमन यांनी ही वाइनरी सुरू केली. वेलींना फळ धरेपर्यंत करायचं काय? बेटावर अननस मुबलक होता, त्याचीच वाइन केली. पुढं द्राक्षांची वाइन आली तरी अननसाची बंद झाली नाही, आणि तिला पर्यटकांसाठीची गंमत समजू नये. 'माउई ब्लाँ' गोडमिट्ट नाही, तिला अननसाची आंबूस धार आहे. 'माउई स्प्लॅश'मध्ये पॅशनफ्रूटही असतं आणि ती गोड लागते. चाखताना ब्लाँ आधी घ्या. आधी गोड प्यायलात तर ब्लाँ नुसती आंबट लागेल. मग सिरा, माल्बेक अशा लाल वाइनकडे वळा. वाइन चाखायला देतात त्या जुन्या 'किंग्ज कॉटेज'मधला लांबलचक काउंटर आंब्याच्या एकाच खोडातून कापलेला आहे. त्यावरून एकदा हात फिरवून बघा. ही जागा १८५६ साली जेम्स मकी या दर्यावर्दी कप्तानानं घेतली होती, आणि हवाईचा राजा कालाकाउआ त्याच्याकडे पाहुणा म्हणून येत असे.

सर्वाधिक घोळ होतो तो रस्त्याचा. वाइलेआ किंवा किहेईच्या हॉटेलातून बघितलं तर रँच थेट डोक्यावर दिसतं, पण तिथून वर जायला सार्वजनिक रस्ताच नाही. काहुलुईच्या बाजूनं वळसा घालून पुकालानी, कुला, केओकेआ असं ३७ नंबरच्या रस्त्यानं यावं लागतं. विमानतळापासून तास धरून चला. पेट्रोल पुकालानीतच भरा. वाइनरीच्या पुढचा काउपोकडचा रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात तिकडे जायला मनाई असू शकते, तो आधी वाचून घ्या.

दुसरी चूक म्हणजे हालेआकालाच्या शिखरावरून सूर्योदय आणि वाइनरी एकाच दिवशी उरकणं. पहाटे तीनला उठलेला चालक वाइन चाखून वळणाचा घाट उतरतो, हे मला अजिबात पटत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्यानं प्यायची नाही, एवढं निघण्यापूर्वीच ठरवा. टेस्टिंगची वेळ आधी आरक्षित करा, उघडण्याचे वार तपासा आणि पासपोर्ट जवळ ठेवा, कारण वयाची अट २१ आहे. लवकर पोचलात तर कहोओलावे बेट आणि मोलोकिनी या छोट्या बेटाची चंद्रकोर स्वच्छ दिसते. दुपारकडे उतारावर बहुधा ढग चढतात, म्हणून पातळ स्वेटर हवाच.

समोरच्या रँच स्टोअरमध्ये मुख्यतः बीफ आणि एल्कचे (मोठ्या हरणाच्या मांसाचे) बर्गर मिळतात. शाकाहारी असाल तर वाटेतच खाऊन या. पण आत जरूर डोकावा, कारण ही पानिओलोंची, म्हणजे हवाईच्या गुराख्यांची भूमी. १७९३ साली कप्तान व्हँकुव्हरनं राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. त्यांना मारायला बंदी होती, त्यामुळे कळप माजले. त्यांना आवरायला १८३० च्या दशकात कॅलिफोर्नियातून मेक्सिकन गुराखी आणावे लागले आणि स्थानिक लोक त्यांच्याकडून गुरांवर दोराचा फास टाकायला शिकले. इतके तरबेज झाले, की १९०८ साली अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात शायेनला झालेल्या फास टाकण्याच्या स्पर्धेत पानिओलो इकुआ पर्डीनं अमेरिकी काउबॉयना हरवलं. पुढं तो याच रँचवर काम करत होता.

परतताना बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा. भारतात माणशी दोन लिटर दारू शुल्काविना आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही.